चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
(हवाई संरक्षण परवडायचे कसे?)

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा हा लेखी मजकूर. वक्ते केंद्र सरकारच्या सेवेत हिशेबनीस म्हणून दीर्घकाळ काम करून निवृत्त झाले असून गेली अनेक वर्षे गाझियाबाद येथे स्थायिक आहेत. – संपादक)



आरती झालेली आहे आणि महाप्रसादाला अजून अवकाश आहे. या दोहोंमधली वेळ भरून काढण्याचे काम कार्यवाहांनी माझ्याकडे सोपवले. विषय विचारला तेव्हा मी ‘हवाई संरक्षण परवडायचे कसे?’ असे सांगितले. ते क्षणभर गप्पच झाले. गणपतीतले व्याख्यान म्हणजे संतसाहित्य, मधुमेह किंवा निवृत्तीनंतरची गुंतवणूक. पण मला वाटते, २०२५ च्या मे महिन्यानंतर दिल्लीत राहणाऱ्या माणसाला हा विषय परका राहिलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सैनिक नाही, शास्त्रज्ञही नाही. आयुष्यभर मी फाइली वाचल्या, बेरजा तपासल्या आणि लोकांच्या मागण्यांवर शेरे मारले. आज जे सांगणार आहे ते सगळे सरकारी पत्रकांत, संसदेपुढच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे. तेव्हा गुप्त काही कानावर पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

७ मे २०२५ ची रात्र आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी आली आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता. नवी दिल्लीच्या काही भागात रात्री दिवे घालवले गेले. आम्हीही घरी गॅलरीतला दिवा बंद केला आणि बातम्या लावून बसलो. तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही जन्मभर त्या फाइली वाचल्यात. मला एवढंच सांगा, आपल्या डोक्यावर नेमकं काय आहे?’’

मला उत्तर देता आले नाही. तिने विचारले ते चुकीचे होते असे नाही. खरे उत्तर तिला त्या रात्री आवडले नसते. ते उत्तर मी आज शेवटी देणार आहे. त्याआधी थोडा हिशेब मांडू या.

पहिला हिशेब जमिनीचा. आपला राष्ट्रीय राजधानी प्रदेश, ज्याला आपण एनसीआर म्हणतो, तो सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. नुसती दिल्ली १,४८३ चौरस किलोमीटर. आता आपल्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राचा पल्ला साधारण २५ किलोमीटर धरा. त्रिज्या २५ किलोमीटर, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस किलोमीटर. कागदावर २८ वर्तुळांत एनसीआर झाकतो. पण वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली की मध्ये फटी राहतात, म्हणून ती एकमेकांवर चढवावी लागतात आणि आकडा आणखी वाढतो. आणि ही झाली फक्त दिल्लीच्या आजूबाजूची गोष्ट. मुंबई, तारापूर, जामनगर, पठाणकोट, ईशान्य भारत, सगळे अजून बाकीच आहे. विमानवेधी तोफेचा पल्ला तर चार किलोमीटरच्या आत. तिची वर्तुळे मांडायला घेतली तर एकट्या एनसीआरला हजारावर तोफा लागतील.

सारांश, सगळ्यांच्या डोक्यावर छत्री धरता येत नाही. अमेरिकेलाही येत नाही. म्हणून या विषयातला पहिला प्रश्न ‘कोणते क्षेपणास्त्र घ्यावे’ हा नाहीच. ‘काय वाचवायचे, आणि काय वाचवता येणार नाही हे मान्य करायचे’ हा पहिला प्रश्न आहे. खर्चाच्या फाइलीत दुसरा भाग कोणी लिहीत नाही. मीही कधी लिहिला नाही.

दुसरा हिशेब पृथ्वीच्या गोलाईचा. दुकानात पंख्याच्या खोक्यावर जसा मोठा आकडा छापलेला असतो, तसा हवाई संरक्षणाच्या यंत्रणेवरही असतो, ‘पल्ला ४०० किलोमीटर’. आकडा खोटा नसतो. पण तो उंचावरून येणाऱ्या विमानासाठी असतो. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि जमीन गोल आहे. रडार जमिनीपासून १० मीटर उंचीवर असेल आणि ड्रोन ५० मीटर उंचीवरून येत असेल, तर सपाट प्रदेशातही ते साधारण ४० किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसते. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत असली तर त्याहूनही उशिरा. ताशी १८० किलोमीटरने येणारे ड्रोन हे अंतर १३-१४ मिनिटांत कापते, आणि ताशी ९०० किलोमीटरचे लढाऊ विमान तीन मिनिटांच्या आत. म्हणजे बंदूक कितीही महागडी असली तरी शत्रू दिसेपर्यंत ती मुकी असते.

याचे मोठे उदाहरण सौदी अरेबियाचे. १४ सप्टेंबर २०१९ रोजी अबकैक आणि खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. सौदीकडे अमेरिकन पेट्रियट यंत्रणा होत्या, पैशाला तोटा नव्हता. तरी खालून आलेला हल्ला अडला नाही आणि त्या देशाचे जवळजवळ निम्मे तेल उत्पादन काही दिवस बंद पडले. दाराला भक्कम कुलूप होते, चोर खिडकीने आला.

आता तिसरा हिशेब, ज्याचे नाव मी व्याख्यानाला दिले आहे. आपली जुनी म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. युक्रेनच्या युद्धात रशियाने जी इराणी बनावटीची शाहेद ड्रोन वापरली, त्यांची किंमत अभ्यासक वीस ते पन्नास हजार डॉलरच्या दरम्यान धरतात. पेट्रियटचे नव्या जातीचे एक क्षेपणास्त्र सुमारे चाळीस लाख डॉलरचे. म्हणजे ऐंशीपट ते दोनशेपट. इथे बारा आण्यांचा मसाला नाही, कोंबडीच्या पिसालाच सोन्याची फोडणी आहे! शत्रूने रोज पन्नास कोंबड्या पाठवल्या तर आपला खजिना किती दिवस टिकेल? आणि खजिना टिकला तरी कोठार टिकणार नाही, कारण ही क्षेपणास्त्रे महिन्याला हजारांनी तयार होत नाहीत.

युक्रेनने यावर काय केले? पेट्रियट ठेवली, पण बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसारख्या मोठ्या संकटासाठी राखून ठेवली. ड्रोनसाठी जर्मनीने दिलेल्या ‘गेपार्ड’ या जुन्या स्वयंचलित तोफा कामाला लावल्या. जर्मन सैन्याने त्या कधीच बाजूला काढलेल्या होत्या. मालवाहू जीपगाड्यांवर मशीनगन बसवल्या. ड्रोनचा आवाज टिपणारे साधे ध्वनिग्राहक खांबांवर लावून त्यांचे जाळे उभारले. ‘सशाच्या शिकारीला जाताना वाघाची तयारी ठेवावी’ असे आपण म्हणतो. तयारी जरूर ठेवावी, पण सशावर वाघाची गोळी झाडू नये.

इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्यालयाचे नाव घेत नाही. माझ्या टेबलावर एक मागणी आली. जुन्या विमानवेधी तोफांसाठी सुटे भाग आणि लक्ष्य पाहण्याची नवी साधने हवी होती. मी हिशेबी माणूस. मी शेरा मारला, ‘इतक्या जुन्या यंत्रावर नव्याने खर्च करण्याचे औचित्य स्पष्ट करावे.’ भाषा बिनचूक होती. फाइल परत गेली, दीड वर्षाने पुन्हा आली, तोपर्यंत भाव वाढलेले. त्या दरम्यान एका पाहणीसाठी मला त्या तोफा प्रत्यक्ष पाहायला नेले. तिथे साताऱ्याकडचे एक सुभेदार होते. मराठी माणूस भेटला म्हणून त्यांनी चहा पाजला आणि मग हळूच म्हणाले, ‘‘साहेब, बैलाचं पाय शाबूत हायत. डोळं गेल्यात तेवढं. डोळ्याचं बघा की.’’

मी हसलो आणि विसरलो. त्या वाक्यातला अर्थ मला समजायला पुढची वीस वर्षे लागली.

एल-७० ही मूळची स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची ४० मिलिमीटरची तोफ. १९६० च्या दशकात आपण ती घेतली. मिनिटाला सुमारे ३०० गोळे झाडते. पाय शाबूत म्हणजे हे. गोळे आपल्याच कारखान्यांत होतात. गेल्या काही वर्षांत भारत इलेक्ट्रॉनिक्सने अशा सुमारे २०० तोफांना नवे डोळे बसवले. दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे, लक्ष्याचा आपोआप पाठलाग, गोळ्याचा वेग मोजणारे छोटे रडार. बातम्यांत छापून आलेला खर्च सुमारे ५७५ कोटी. म्हणजे तोफेमागे तीन कोटींच्या आत.

मे २०२५ मध्ये काय झाले ते आपण पाहिलेच. सरकारी माहितीनुसार ८ मेच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन आली. त्यांचा एक हेतू आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करणे हा होता. रडार कुठे सुरू होते, क्षेपणास्त्र कुठून सुटते, किती सुटतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यांना उत्तर देणाऱ्यांत एल-७० होती, २३ मिलिमीटरच्या झू तोफा होत्या, शिल्का होती. पेचोरा आणि ओसा ही जुनी रशियन क्षेपणास्त्रे होती आणि आपले ‘आकाश’ही होते. मी टीव्हीसमोर बसलो होतो. एल-७० चे नाव ऐकले आणि मला तो चहा आठवला. माझ्या शेऱ्याने कोणाचे काही बिघडले असेल असा माझा दावा नाही. पण दीड वर्ष फाइल थांबली होती ती माझ्यामुळे. आणि ते लढाईपूर्वीचे दीड वर्ष नव्हते एवढेच माझे नशीब.

मग स्वस्त आणि जुने तेच चांगले का? नाही, मंडळी. तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे. ५०-६० किलोमीटरवरून बॉम्ब सोडून मागे फिरणाऱ्या विमानाला चार किलोमीटरची तोफ काय करणार? त्याला लांबच अडवायला हवे. म्हणून भारताने २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० चा करार केला. पाच युनिटांसाठी ५.४३ अब्ज डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळजवळ ४० हजार कोटी रुपये. एका युनिटला सुमारे आठ हजार कोटी पडले. त्याच्या शेजारी दुसरा करार ठेवा. मार्च २०२३ मध्ये सेनादलाच्या हवाई संरक्षण दलासाठी सुधारित ‘आकाश’च्या दोन रेजिमेंट घेतल्या, किंमत ८,१६० कोटी. एकाच पैशात एकीकडे शेकडो किलोमीटर पाहणारे एक युनिट, दुसरीकडे २५-३० किलोमीटरच्या दोन रेजिमेंट. कोणते स्वस्त? हा प्रश्नच चुकीचा आहे. वेसबंद आणि बंडी दोन्ही कपडेच, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

आपल्या गडांची रचना आठवा. खाली मेटे, मग माची, सर्वांत वर बालेकिल्ला. मेटावरचा माणूस बालेकिल्ला लढवत नाही. तो शत्रूची चाहूल देतो आणि त्याला थोडा वेळ रोखतो. बालेकिल्ल्यावरची मोठी तोफ माचीच्या पायथ्याशी आलेल्या माणसावर डागत नाहीत, तिथे दगडधोंडे पुरतात. हवाई संरक्षणाची रचना अशीच थरांची असते. लांबचा थर थोडा आणि महाग, मधला थर बऱ्यापैकी, जवळचा थर भरपूर आणि स्वस्त. आणि नाशिकजवळचा रामसेज तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १६८२ पासून मोगलांनी वेढा घातला. गडावर तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे चढवले, असे मोगल इतिहासकार खाफीखानानेच नोंदवून ठेवले आहे. गड पुढे काही वर्षे झुंजला. साधने कमी होती, पण ती कुठे आणि कशासाठी लावायची हे पक्के ठाऊक होते.

पण थर असून भागत नाही. थरांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. एकाच ड्रोनवर तीन तोफा आणि दोन क्षेपणास्त्रे सुटली, तर हिशेब पुन्हा कोंबडी-मसाल्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे आपल्याच विमानावर आपली तोफ सुटू शकते. म्हणून मला सर्वांत हुशारीचा वाटलेला खर्च दिसायला अगदीच साधा आहे. ‘आकाशतीर’ नावाची यंत्रणा. सगळ्या रडारांचे चित्र एकत्र करून कोणी कोणावर मारा करायचा हे ठरवायला मदत करणारी. मार्च २०२३ मध्ये १,९८२ कोटींचा करार झाला, आणि तो आपल्या शेजारच्याच, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या गाझियाबाद कारखान्याशी! साहिबाबादला या कारखान्यात काम करणारी मराठी कुटुंबे आपल्या उत्सवात वर्षानुवर्षे येतात. एस-४०० च्या एका युनिटच्या चौथ्या भागात ही यंत्रणा झाली, आणि आधीपासून असलेल्या प्रत्येक तोफेची किंमत तिने वाढवली. ज्याच्याकडे पैसा बेताचा आहे त्याने आधी डोळ्यांवर आणि मज्जातंतूंवर खर्च करावा, मुठीवर नंतर. त्या सुभेदारांनी मला हेच सांगितले होते.

आता आपल्या घराजवळची आणखी एक गोष्ट. दिल्लीच्या रक्षणासाठी अमेरिकेकडून ‘नासाम्स’ नावाची यंत्रणा घेण्याचा विचार २०१८ मध्ये पुढे आला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी सरकारने त्या संभाव्य विक्रीला मान्यता दिली, अंदाजे किंमत १.८६७ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १३ हजार कोटी. त्यात काय होते? इतर साहित्याबरोबर पाच रडार, ११८ अ‍ॅमराम क्षेपणास्त्रे आणि खांद्यावरून डागायची १३४ स्टिंगर. मित्रहो, हे आकडे मे २०२५ च्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. एका रात्रीत तीनशे ते चारशे ड्रोन. सगळ्या क्षेपणास्त्रांची बेरीज २५२. यंत्रणा उत्तमच आहे, वॉशिंग्टनचे रक्षण तीच करते. पण दुसऱ्या रात्रीचे काय? तो व्यवहार पुढे सरकला नाही, आणि किंमत हे त्याचे मोठे कारण असल्याचे वर्तमानपत्रांनी लिहिले. त्याऐवजी देशी बनावटीच्या यंत्रणेचा मार्ग धरला गेला. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर तिची पहिली चाचणी झाली. एकाच नियंत्रणाखाली झटपट मारा करणारे क्षेपणास्त्र, अगदी जवळच्या पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि लेझर अशी तीन वेगवेगळी लक्ष्ये पाडली गेली.

इथे टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. पण हिशेबनिसाने दुसरी बाजूही वाचून दाखवली पाहिजे. देशी म्हणजे लगेच मिळणारे नव्हे. डॉ. कलाम यांच्या नेतृत्वाखाली क्षेपणास्त्र विकासाचा एकत्रित कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. ‘आकाश’चे पहिले उड्डाण १९९० मध्ये झाले. सेनादलात आणि वायुदलात त्याचा औपचारिक समावेश २०१५ मध्ये. बत्तीस वर्षे! आणि २०१७ च्या कॅगच्या अहवालाने काय सांगितले? चाचणीसाठी डागलेल्या २० क्षेपणास्त्रांपैकी ६ अपयशी ठरली. त्या वेळी विरोधकांनी खिल्ली उडवली, कोणी म्हणाले बाहेरूनच घ्या. पण दोष छापला गेला म्हणूनच तो दुरुस्त करता आला. बाहेरून घेतलेल्या मालातला दोष आपल्याला लढाईतच कळतो, आणि तो दुरुस्त करायला आपल्याला त्याच्या दारात उभे राहावे लागते. एस-४०० चेच पाहा. यंत्रणा मे २०२५ मध्ये कामी आली, पण पाचपैकी तीन युनिटे २०२३ पर्यंत आली आणि उरलेली युक्रेन युद्धामुळे रखडली. विकणाराच लढाईत उतरला तर त्याला आधी स्वतःचे घर दिसणार. यात त्याचा दोष नाही, पण आपल्या हिशेबात तो धोका लिहिलेला असला पाहिजे.

मी एक रडार पाहिले आहे, परदेशी, देखणे. एका छोट्याशा भागासाठी ते अकरा महिने ताडपत्रीखाली उभे होते. त्या भागाची किंमत माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा कमी होती. म्हणून यादीतला शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हा आहे, की पहिला गोळा संपल्यावर दुसरा कुठून येणार आणि किती दिवसांत?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राचे नाव पुन्हा पुन्हा येते, हे सांगायला मला आनंद वाटतो. ‘आकाश’चा प्रक्षेपक पुण्याजवळ दिघीच्या प्रयोगशाळेत घडला. दारूगोळ्याचे सरकारी कारखाने २०२१ मध्ये ज्या कंपनीखाली आले, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. आणि १३ मे २०२५ रोजी गोपाळपूरला ‘भार्गवास्त्र’ची चाचणी झाली, ते नागपूरच्या सोलर कंपनीचे. ड्रोनांच्या झुंडीवर सोडायची छोटी छोटी अग्निबाण-क्षेपणास्त्रे, पल्ला अडीच किलोमीटर. कोंबडीला कोंबडीच्या भावाचाच मसाला! अशी यंत्रणा प्रत्यक्ष दलात येऊन टिकते का, हे काळच ठरवील. पण दिशा बरोबर आहे.

कोणी म्हणेल, भारत मोठा देश आहे, आपण करू. लहान-मध्यम देशांनी काय करायचे? आर्मेनियाचे पाहा. क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एनसीआरपेक्षाही लहान. पुणे आणि नगर हे दोन जिल्हे मिळून जेवढे होतील त्याहून थोडा लहानच. २०२० च्या शरद ऋतूत अझरबैजानशी ४४ दिवसांचे युद्ध झाले. अझरबैजानने जुनाट अँटोनोव्ह-२ विमाने माणसाशिवाय उडवून आमिष म्हणून पुढे केली. आर्मेनियाच्या बाजूचे रडार त्यांच्यासाठी जागे झाले, आणि वरून टेहळणी करणाऱ्या तुर्की ड्रोनांनी ते टिपले. ओसासारखी क्षेपणास्त्रे उभ्या उभ्या जळाली. तीच ओसा! आपल्याकडे मे २०२५ मध्ये ती उपयोगी पडली आणि तिथे पडली नाही. फरक यंत्रात थोडा, आजूबाजूच्या थरांत आणि जाळ्यात फार. त्या युद्धानंतर आर्मेनिया खरेदीला निघाला आणि ‘आकाश’ घेणारा पहिला परदेशी ग्राहक ठरला. त्यांनाही माझे सांगणे हेच असेल. ‘आकाश’ जरूर घ्या, पण त्याच्या खाली स्वस्त तोफांचा थर ठेवा, सगळ्यांना एका जाळ्यात बांधा, आणि सुटे भाग गावातच करायला शिका.

आता सौ.च्या प्रश्नाकडे येतो. ती पहिल्या रांगेत बसली आहे, म्हणून टाळताही येणार नाही.

आपल्या डोक्यावर, आपल्या सोसायटीच्या गच्चीवर, काहीही नाही. आणि ते नसणेच बरोबर आहे. हिंडनचा विमानतळ, वीजकेंद्रे, पाण्याची केंद्रे, रडार, ज्या ठिकाणांवरून प्रतिहल्ला होतो ती ठिकाणे, यांच्यावर आधी छत्री हवी. ती वाचली तर आपण वाचण्याची शक्यता वाढते. पण शक्यताच. फिरोजपूरजवळच्या एका खेड्यात ९ मे २०२५ च्या रात्री एका घरावर ड्रोन कोसळले. एकाच घरातली तीन माणसे भाजली. त्यांतली घरातली बाई पुढे रुग्णालयात गेली. हवाई संरक्षण त्या रात्री यशस्वी झाले असे आपण सगळे म्हणतो आणि ते खरेही आहे. त्या घरासाठी ते खरे नाही. परवडणारे संरक्षण निवडणे म्हणजे कोणाचे तरी घर छत्रीबाहेर ठेवणे. ज्यांचे घर बाहेर राहते त्यांना निदान भोंगा वेळेवर ऐकू आला पाहिजे, तळघर किंवा आडोसा ठाऊक असला पाहिजे, आणि भरपाईसाठी त्यांची फाइल दीड वर्ष कोणाच्या टेबलावर पडून राहता कामा नये. हेही हवाई संरक्षणच आहे, आणि ते सर्वांत स्वस्त आहे.

आपल्या मंडळाचे खजिनदार दरवर्षी अंदाजपत्रक मांडतात. आरास कितीही सुंदर असली तरी ते आधी जनरेटर, आग विझवण्याची नळकांडी आणि रात्रीचा पहारेकरी यांचे पैसे बाजूला काढतात. कोणी त्यांचे कौतुक करीत नाही, कारण त्या पैशाचे काही दिसत नाही. देशाच्या अंदाजपत्रकातही अशा न दिसणाऱ्या बाबी असतात. सुटे भाग, सरावाचे गोळे, जुन्या तोफेचे नवे डोळे, रडारजवळ रात्रपाळी करणारा जवान. आपल्यापैकी अनेकजण अजून सरकारी नोकरीत आहात. उद्या तुमच्या टेबलावर एखादी जुनी, कंटाळवाणी, लहानशी मागणी येईल. ‘औचित्य स्पष्ट करावे’ असे लिहिण्यापूर्वी एकदा त्या माणसाला फोन करून विचारा, की बाबा, पाय गेलेत की डोळे?

मी तेवढे केले नव्हते. तुम्ही करा, एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो. मोदक गार होत आहेत, आणि त्यांच्या संरक्षणाची माझ्याकडे काहीच व्यवस्था नाही.

गणपती बाप्पा मोरया!